सुट्या मोटारसायकलीची पोच

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

काल दुपारी हातगाडीवरून आलेला माल येणेप्रमाणे: सांगाडा एक (वाकलेला), इंजिन एक, चाकं दोन, पैकी गोल एक, पेट्रोलची टाकी एक, डाव्या गालावर पोचा, नटबोल्टांचं पोतं एक. हातगाडीवाल्याने दीडशे मागितले, एकशे दहा दिले आणि वर गार पाणी पाजलं. हे सगळं मिळून तुझी मोटारसायकल होते. जहाजावर चढताना "ताई, हिला जिवापलीकडे जप" असं तू सांगून गेला होतास. जपणं जमलं नाही, पण पोच इतक्या तपशिलाने दुसऱ्या कुणी दिली नसती, एवढं मान्य कर.

तुझी तब्येत कशी आहे? जेवण वेळेवर मिळतं का? (हे तू बसून वाचत असावास. उभा असशील तर कठड्यापासून लांब हो.) आम्ही इकडे देवाच्या कृपेने धडधाकट आहोत. अपघाताचं म्हणशील तर त्यात सांगण्यासारखं फार नाही. पहाटेची वेळ, बंद गोदामामागचं मोकळं पटांगण, आणि गाडी वळणावर न वळता सरळ गेली. पुढे भिंत होती. भिंतीला काही झालं नाही. (रखवालदाराने आधी तिचीच विचारपूस केली.) तेव्हापासून तुझे भावोजी लंगडतात, आणि सगळी गल्ली त्यांना या वयात वेग कमी ठेवायला सांगते. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या सायकलीलाही मागे टाकलं नाही, तो हे सगळं मान खाली घालून ऐकून घेतो.

गाडी आम्ही डॉक्टरकडे नेली. हा म्हणजे आपला कोपऱ्यावरचा मिस्त्री. पान्ह्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो मान हलवतो, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने गाडी पूर्ण खोलली, आम्हाला बाहेर नेलं आणि हळू आवाजात आकडा सांगितला. दुरुस्तीला जे लागणार होतं, त्यात आणखी थोडी भर घातली तर दुसरी गाडी येते. उलट भाग सुटे करून विकले तर निम्मी रक्कम हातात. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू मांडल्या. मॅट्रिकला गणितात मला पासष्ट होते, पण यात पस्तीसवाल्यालाही उत्तर दिसलं असतं: विकणे. हे म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. गाडी त्याची आहे." एवढं बोलून कचेरीत गेले.

मग मी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. "दुरुस्त" निघाली. पण देवाला आकडे न सांगता कौल मागणं मलाच बरं वाटेना, म्हणून त्याला सगळं पान मोठ्याने वाचून दाखवलं आणि पुन्हा चिठ्ठी उचलली. पुन्हा "दुरुस्त". तिसऱ्यांदा मी त्याला त्रास दिला नाही, सुटे झालेले किरकोळ भाग पिशवीत घालून घरी आणले आणि विकायला काढले.

आता खरी गंमत. विकण्याआधी प्रत्येक भागावर मी आतल्या बाजूने तांबड्या रंगात आकडा घातला, फडताळातल्या डब्यांवर घालते तसा. मग रोज दुपारी एकेक भाग डॉक्टरलाच विकायचे. (तो जुना माल घेतो आणि रोख देतो.) पाच भाग गेले. सहाव्या दिवशी पलंगाखाली झाडताना केरसुणी कशाला तरी अडकली. ओढून काढलं तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुढचा दिवा, घासूनपुसून लख्ख, आणि आत माझा सात. त्याच्यामागे आरसा, भोंगा, पायठेवणी, साखळी. पाचही.

संध्याकाळी मी दिवा ताटासमोर ठेवला. "हा कुठून आला?"

"जुना मिळाला," हे म्हणाले. "अगदी आपल्या गाडीसारखा! साडेचारशेत. नऊशे सांगत होता."

"मी तीनशेला दिला."

यांनी दिवा उलटा करून आतला सात पाहिला. मग म्हणाले, "तरीच सांगाड्यावर लावून पाहिला तर लगेच बसला."

सकाळी मी डॉक्टरला गाठलं. तो जरासुद्धा ओशाळला नाही. "ताई, दुपारी तुम्ही विकायला येता, संध्याकाळी साहेब घ्यायला येतात. मला वाटलं, घरात बोलणं होत असेल."

"आणि मधले दीडशे?"

"पुसायचे."

म्हणून उरलेली गाडी डॉक्टरकडून उचलून घरी आणली, म्हणून हातगाडी. पाच भाग पलंगाखाली, बाकीची गाडी स्वयंपाकघराच्या दारात. गोल चाकाला ओलांडून मी पाणी भरते आहे. आमच्यात ठरलं आहे की मालकाचा शब्द येईपर्यंत मी काही विकायचं नाही आणि यांनी काही आणायचं नाही. हिशेबाचं पान सोबत जोडलं आहे. ते पाहता विकण्यावाचून दुसरा मार्ग नाही, हे तुलाही पटेल.

तुझी,
ताई

ता. क. गाडी कोण चालवत होतं, हे मी लिहिलेलं नाही असं तुझ्या लक्षात आलंच असेल. मी. हे मागे बसले होते आणि "ब्रेक, ब्रेक" म्हणत होते. भिंतीजवळ माणसं जमली तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच यांनी "माझा तोल गेला" असं सांगून टाकलं. आता लंगडणं त्यांना निभवावं लागतं. गुडघा कधीच बरा झाला. कधीकधी पाय चुकतो.

आणखी एक ता. क. दोन महिने रोज पहाटे हे मला शिकवत होते. त्या दिवशी पहिल्यांदा चौथा गिअर पडला. धाकट्या, एवढी वर्षं जप करते आहे, पण मन इतकं एका जागी कधी थांबलं नव्हतं.

शेवटची ता. क. सोबतचं पान फाडून टाक. विका विका म्हणून मीच एवढा घोष केला, आता त्याच तोंडाने दुरुस्त करा कसं म्हणू? म्हणून यांच्या नावाने वेगळं पत्र लिही, स्वतःला सुचल्यासारखं: गाडी दुरुस्तच करायची, आणि ताईला वळायला शिकवल्याशिवाय परत द्यायची नाही. त्यांनाही हेच हवं आहे, पण विचारायला तेही भितात. उलट टपाली कळव.