फोटोतली चौथी बाई

सेलू, २८ ऑगस्ट २००६
जयभीम

चि. सौ. मेघाले बाबाचा आशीर्वाद, रत्नदीपरावांना स. जयभीम. वि. वि.,

मी खुशाल. जावई पुण्याच्या पाण्यानं सुकले नसतील असं समजतो. फोन करा म्हणून तू मागं लागतेस, पण कानात यंत्र घातलं तरी फोनात मले नुसती शिट्टी ऐकू येते. पत्रच बरं.

आपल्या बाहेरगावी गेलेल्या पोरांनी सेलूकरांची वेबसाइट काढली, ती तुले ठाऊक हाय. तिच्यावर एकोणीसशे बहात्तरचा एक फोटो आला. विहारासमोर बायांचा साक्षरता वर्ग भरे, त्याचा. हरेक बाईनं पाटीवर सोताचं नाव लिहून पाटी समोर धरली, म्हणून खाली साऱ्यांची नावं बरोबर आली. चौथी बाई तेवढी पाटी छातीकडं करून उभी हाय. तिच्यापुढं लिहिलं, ओळख पटली नाही. मेघा, ती तुझी माय हाय.

हाच फोटो धम्मदीक्षेच्या पन्नास वर्षांच्या स्मरणिकेत छापून राह्यले. वीस सप्टेंबरच्या आत फोटोखाली अभिप्राय लिहून नाव कळवा म्हणतात. मी ओमप्रकाशच्या कॅफेत रोज जातो. एकेक अक्षर शोधून सारं लिहितो, 'पाठवा' दाबतो, की ते पुन्हा नाव अन् पासवर्ड मागते, अन् लिहिलेलं गायब. एसटीत एवढी वर्षं कंडक्टरकी केली, पण एकदा तिकीट फाडल्यावर पॅसेंजरले पुन्हा पैसे मी नाई मागितले. हे काऊन होते, ते कळव.

माया आहेच, ती कमी करू नको.
तुझा बाबा, नानाजी


पुणे, २ सप्टेंबर २००६

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.,

पत्र वाचलं. फोटोखाली आईच्या जागी असं लिहिलेलं पाहून मलाही बरं वाटलं नाही.

आता तुमचं दुखणं. आत शिरताना वेबसाइट तुमच्या ओळखीची एक चिठ्ठी त्या कॉम्प्युटरवर ठेवते, तिला कुकी म्हणतात. व्हायरसच्या भीतीने ओमप्रकाशभाऊंनी ती बंद केलेली असणार. म्हणजे तुम्ही तिकीट फाडता, पण ते ठेवायला पॅसेंजरला खिसाच नाही. त्यांना म्हणावं, टूल्समध्ये इंटरनेट ऑप्शन्स उघडा, तिथे प्रायव्हसीची पट्टी एकदम वर असेल, ती मधोमध आणा. एवढं केलं की पुरे. त्यांच्यावर चिडू नका, तुमचा आवाज बसस्टँडपर्यंत पोचतो, ते तर समोरच गल्ल्यावर बसलेले असतात.

नाहीतर मीच इथून ऑफिसातून लिहून टाकते, दोन मिनिटांचं काम. आणि आईने पाटी उलटी का धरली? लाजली म्हणाल तर मी मानणार नाही. खिडकीच्या सीटसाठी भांडणारी बाई ती.

हे नमस्कार सांगतात. औषध वेळेवर घ्या, एवढंच मागणं.
आपली मेघा


सेलू, ८ सप्टेंबर २००६
जयभीम

चि. सौ. मेघाले आशीर्वाद. वि. वि.,

पट्टी खाली आणली. आता ते पासवर्ड मागत नाई. पण 'पाठवा' दाबलं की चिमणीच्या पायावानी अक्षरांचं एक पान येते. काई म्हणता काई वाचता येत नाई. मागं जाऊन फोटोखाली पाहतो, तर माझा अभिप्राय नाई. मंग मी पुन्हा पयलेपासून लिहितो. ओमप्रकाश म्हणते काकाजी, मशीन जुनी झाली. मी म्हटलं, मी बी जुना झालो, पण मी असं बरळत नाई.

तू लिहू नको. त्यांचा नियम हाय, ज्यानं डोळ्यानं पाहिलं त्यानंच नाव सांगावं. मागं एका फोटोखाली ऐकीव नावं टाकली, तर दोन घरांत भांडण लागलं. तू तवा जन्मली नव्हतीस. अन् वर्गातल्या बायांपैकी सांगाले आता कोणी उरली नाई. पाहणारा मी एकटा.

त्या दिवशी ड्यूटी संपवून मी खाकी ड्रेसवरच तिथं गेलतो. तुझ्या मायनं त्या दिवशी पयल्यांदा सोताचं नाव पुरं लिहिलं होतं. फोटोवाला सांगून राह्यला, बाई, पाटी इकडं करा. तिनं नाई केली. ती आपलंच नाव वाचत होती. अन् लोक लिहितात ओळख पटली नाही. जेवण गोड लागत नाई पोरी.

तुमी दोघं जपून राहजा.
बाबा


पुणे, १२ सप्टेंबर २००६

ती. बाबांस स. जयभीम. वि. वि.,

तुमचं पत्र ह्यांनाही वाचून दाखवलं.

ते चिमणीचे पाय म्हणजे मराठीच आहे, ब्राउझरला ती ओळखता येत नाही इतकंच. ते पान आलं की वर व्ह्यूमध्ये जा, एन्कोडिंग उघडा आणि युनिकोड निवडा, अक्षरं सरळ होतील. ते वाचल्याशिवाय पुन्हा काही लिहू नका. तिथे काहीतरी सांगितलेलं असणार, आणि तुम्ही न वाचताच परत फिरता. कंडक्टर असून बोर्ड न वाचता गाडीत चढण्यासारखं झालं हे.

रागावू नका. लेकीने नाही चिडवायचं तर कोणी चिडवायचं? प्रेम आहेच, ते असू द्या.
मेघा


सेलू, २१ सप्टेंबर २००६
जयभीम

चि. सौ. मेघाले आशीर्वाद.

तुझं पत्र सतराले भेटलं. तवापासून लोडशेडिंगनं जीव खाल्ला. मी कॅफेत पोचलो की लाइट जाते. काल वीस तारीख. सकाळपासून तिथंच बसलो. लाइट आली, मी घाईघाईनं दोन शब्द लिहून पाठवले, ते चिमणीचं पान आलं, अन् तू सांगितलेलं व्ह्यू उघडतो तोवर पुन्हा अंधार. ओमप्रकाशचं इन्व्हर्टर बी बसलं. बिचाऱ्यानं चहा पाजला.

तारीख गेली. घरी येऊन तिच्या तसबिरीपुढं बसलो अन् म्हटलं, नाई जमलं मले. लय वाईट वाटून राह्यलं मेघा. तू आता काई करू नको.

बाबा


पुणे, २५ सप्टेंबर २००६

ती. बाबांस सविनय जयभीम.

बाबा, बसून वाचा. मी न राहवून वेबसाइट चालवणाऱ्या प्रेरणाताईंना नागपूरला फोन केला. त्या चिमणीच्या पानावर असं लिहिलेलं होतं: आपला अभिप्राय पोचला, तपासून झाल्यावर दिसेल. नव्या माणसाचं लिखाण त्या आधी वाचतात आणि मग लावतात. बहिणीच्या लग्नात अडकल्यामुळे त्यांनी तीन आठवडे काही उघडलंच नव्हतं. त्यांनी काल रात्री सगळं लावलं. ती पट्टी खाली आणल्यापासून तुम्ही जेवढ्या वेळा लिहिलंत, तेवढं सगळं पोचलं होतं, आणि सगळं वीस तारखेच्या आतलं. आईचं नाव स्मरणिकेत छापून येणार.

आज ते पान उघडून बसले. फोटोखाली एकाखाली एक तुम्हीच. पहिल्यात 'महोदय, विनंती की' आहे. एकात ओमप्रकाशच्या मशीनला शिव्या आहेत आणि शेवटी सीताबाई नानाजी थूल. एकात लिहिलंय की त्यानंतर आई वर्ध्याच्या स्टँडवर प्रत्येक गाडीचा बोर्ड मोठ्याने वाचायची आणि तुम्ही गाडी थांबवून ठेवायचात. हे मला तुम्ही कधीच सांगितलं नाही. वीस तारखेच्या अभिप्रायात फक्त दोन शब्द आहेत. सीताबाई. सीताबाई. मी ऑफिसातच रडले, शेजारची पाणी घेऊन आली.

प्रेरणाताई विचारतात, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, तर कोणता अभिप्राय ठेवायचा? बाकीचे त्या काढून टाकतील. मला निवडता येईना. तुम्हीच कळवा.

तुमच्या पायांवर डोकं.
मेघा


सेलू, २९ सप्टेंबर २००६
जयभीम

चि. सौ. मेघाले अनेक आशीर्वाद, रत्नदीपरावांना जयभीम.

पत्र वाचून उठलो अन् सरळ ओमप्रकाशकडं गेलो. लाइट होती. त्यानं पान उघडून दिलं अन् पैसे घेतले नाई.

सारी उमर मी तिले 'अवो' म्हणलं. तिच्या सासूनं 'सूनबाई' म्हणलं, मोहल्ल्यानं 'मेघाची माय'. आपल्या घरात बायकोचं नाव घ्याची रीतच नव्हती. त्या पाटीवर लिहिलं तवाच काय ते तिचं नाव तिच्या डोळ्यापुढं आलं.

प्रेरणाले सांग, एक बी काढू नको. जितक्या डाव लिहिलं तितक्या डाव राहू दे.

लोभ ठेवजो.
सीताबाई थूल यांचा नवरा,
नानाजी