कावळा कशावर शिवला

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
सोमवार, २ मे १९९४

काशीतायला हऱ्याचा नमस्कार.

वर 'श्री' लिहिलेला नाही. आयचं वर्षश्राद्ध व्हायचंय, तोवर कागदावर श्री घालतात की नाही ते कोणाला विचारायचं राहिलं. तू बरी असशील. गोपभावोजी बरे असतील. छोटीला माझा पापा दे. तिचं नाव मला माहीत नाही म्हणून छोटी लिहिलं. इकडे आम्ही आहोत. ऊन खूप आहे, विहिरीला तळ दिसतोय.

मी भरकटतो हे तुला माहीतच आहे, म्हणून कामाचं आधी लिहितो. आयची एक कुत्री उरली आहे, तांबडी. तिला घर पाहिजे, आणि या आठवड्यातच पाहिजे. बाबा बोलला, रविवारी कुत्री मारणारा माणूस येणार आहे लाडू घेऊन. कसले लाडू ते तुला सांगायला नको.

झालं, लिहिलं. आता बाकीचं.

मी हल्ली टेम्पोवर आहे. होतो. जीन्सचे गठ्ठे कॅम्प चारवरून उचलायचे आणि मुंबईला टाकायचे. त्याआधी पापडवाल्याकडे होतो, त्याआधी एका वायरमनच्या हाताखाली, तो शॉक लागून गावाला गेला. टेम्पो तिथल्या तुझ्या गल्लीतूनच जायचा. एकदा तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. मी मान खाली घातली. ते राहू दे.

कुत्री सगळी तू गेल्यानंतरची आहेत, तुला ओळख नाही, म्हणून सांगतो. पहिला आला तो शेठ. तिकडे फाटकाजवळच्या एका कंपनीला टाळं लागलं, वॉचमन सामान घेऊन निघून गेला, हा गेटवरच बसून राहिला. कोणाची गाडी येते का बघत. आय भाजीची पाटी घेऊन तिकडून यायची, तिने दोन-चार वेळा भाकर टाकली आणि एक दिवस तो पाटीमागून चालत आला. मग ढवळ्या. दगडाच्या खाणीतला, सुरुंगाच्या आवाजाने बहिरा झालेला. त्याला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. बटाट्या म्हणजे पिल्लू. कॅम्प एकच्या बाजारात बटाट्याच्या गोणीत तोंड बांधून टाकलेलं, आयने गोणी हलताना बघितली. आणि तांबडी केमिकलच्या नाल्यात पडलेली. आयने तिला सुपात घालून आणली, पोटाची कातडी सोलून निघालेली. हळद आणि खोबरेल लावत बसायची, रोज, पोरीचं बाळंतपण करावं तसं. पोटावर अजून केस आलेले नाहीत.

बाबा ओरडायचा, घर आहे का पांजरपोळ. आय एवढंच बोलायची, एक गेलं त्याची जागा आहे.

दहाव्याला आम्ही बदलापूरला नदीवर गेलो. तू नव्हतीस. तुला कोणी बोलावलं नाही, म्हणून तिथं काय झालं ते मीच सांगतो.

पिंड ठेवला. आयला आवडायची म्हणून मावशीने बाजूला बोंबलाची चटणी ठेवली, भटजींनी नाक मुरडलं पण बोलले नाहीत. उंबरावर कावळे ढिगाने होते. एक खाली येईना. ऊन चढलं. मग नेहमीचं सुरू झालं, एकेकाने पुढे व्हायचं आणि मेलेल्याला शब्द द्यायचा. बाबा बोलला, हऱ्याचं लग्न करू. कावळे ढिम्म. कोंडाजीकाका बोलला, आधी त्याला एका कामावर टिकवू, मग लग्न. लोक हसले, मीपण हसलो. एका कावळ्याने फांदीला चोच पुसली. इंदुबाईमावशी बोलली, तुझी नथ विकू देणार नाही. काकाचा कमळाकर बोलला, वर्षश्राद्धाला गाव जेवू घालू. काही नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा मावशी आयचं नाव घेत, रडत रडत पुढे झाली. "पुतले, तुजी कुत्री आमी वाटून घेऊ. एकाला पन उपाशी ठेवनार नाय. आता तरी ये."

आणि कावळा शिवला.

सगळे बोलले, कुत्र्यांत जीव अडकला होता बाईचा. वाटणी चपला घालता घालताच झाली. आपल्यात जमिनीची वाटणी आजोबा गेल्यापासून चालू आहे, ती अजून संपत नाही. शेठ मावशीला, ती बदलापूरलाच राहते. ढवळ्या काकाला. बटाट्या कमळाकरला, त्याच्या पोरांना खेळायला. तांबडी आपल्याकडेच. कावळ्याला दिलेला शब्द, कोणी नाही बोलायची हिंमत केली नाही. बाबा तर सगळ्यात मोठ्याने वाटणी करत होता, हा तुला, हा तुला.

ऐक आता त्यांचं काय झालं. टेम्पो होता म्हणून मी फिरून बघू शकलो.

बटाट्या सगळ्यात आधी गेला. कमळाकर अंबरनाथला बिल्डिंगमध्ये राहतो, खालच्या मजल्यावरची बाई घाणीवरून भांडली. मी गेलो तर पोरं बोलली, पप्पा त्याला फिरायला घेऊन गेले. वहिनी चहा ठेवायला आत गेली ती लवकर बाहेरच आली नाही. कमळाकरने नंतर सांगितलं, रुळापलीकडे सोडला, तिकडे हॉटेलं आहेत, खाईल-पिईल. मी हॉटेलांच्या मागे बघितलं. सापडला नाही. गोणीतून निघालेलं पिल्लू, त्याला रस्ता कुठला माहीत.

ढवळ्याला काकाने प्लॉटवर बांधला, बिल्डरच्या सळया पडल्यात तिथे, राखण होईल म्हणून. बहिरा कुत्रा राखणीला. मी काकाला बोललो, तो ऐकू शकत नाही. काका बोलला, चोराला कुठे माहीत आहे. बरोबर आहे तसं. पण साखळी आखूड होती आणि पाण्याचं घमेलं लांब. मजुरांना वाटलं मालक देत असेल, काकाला वाटलं मजूर देत असतील. मी गेलो तेव्हा तो सळयांच्या सावलीत आडवा होता. मी पाय आपटला. दोनदा आपटला. मग मजुरांच्या फावड्याने तिथेच खड्डा केला. आता तिथे पार्किंग होणार आहे बोलतात.

शेठ मात्र परत आला. मावशीच्या नवऱ्याने त्याला नदीपलीकडे सोडला होता, तो बदलापूरवरून चालत पालेगावला आला, कसा ते त्यालाच ठाऊक. येऊन आपल्या दारात बसला, कंपनीच्या गेटवर बसायचा तसा. बाबाने काठी मारली तरी उठला नाही. आयच्या पाटीकडे बघत होता, ती ओट्यावर पालथी ठेवलेली. दोन दिवस काही खाल्लं नाही आणि गेला. बाबाने त्याला स्वतः पुरला, मला हात लावू दिला नाही. परत येऊन विहिरीवर बसून राहिला.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. तांबडीला पाणी ठेवलं, चहा घेतला, परत बसलो. काशीताय, वर कावळ्याचं लिहिलं ते सगळे सांगतात तसं लिहिलं. तसं झालं नाही.

माझ्याकडे काम होतं तांबडीला धरून ठेवायचं, तिने पिंडाला तोंड लावू नये म्हणून. सगळे मागे, मी सगळ्यांच्या पुढे उकिडवा, बाजूला बाबा. मावशी कुत्र्यांचं बोलली तेव्हा एक कावळा खाली उतरला, हे खरं. पण उतरून उभाच राहिला. मान वाकडी करून बघत राहिला. मागे सगळे डोळे मिटून हात जोडून. भटजी दर्भाला गाठ मारत होते. मी काही ठरवलं नव्हतं, आईशपथ. मी हळूच बोललो, "आय, काशीतायला घरात घेऊ. मी आणतो तिला."

त्याने चोच मारली. आधी बोंबलाला, मग भाताला.

मागून आरडाओरडा झाला, शिवला, शिवला. मी वर बघितलं तर बाबा माझ्याकडे बघत होता. त्याने ऐकलं होतं. टेम्पोत चढताना त्याने माझा दंड धरला.

"कुत्र्यांवर शिवला," बाबा बोलला. "सगल्यांनी बघितला."

मी बोललो, बाबा, तू ऐकलंस.

"मी तिच्या नावानं आंघोल केलीय. मेलेल्या पोरीला घरात आनतात काय?"

आवाज चढवला नाही. दंड मात्र सोडला नाही, तो हात मला अजून जाणवतो. तू जातीबाहेर लग्न करून गोपभावोजींबरोबर गेलीस त्या दिवशी तो विहिरीवर उभा राहून डोक्यावर कळशी ओतत होता, आणि आय दारात उभी राहून बघत होती, तो दिवस मला आठवतो. मी शाळा बुडवून घरीच होतो. तेव्हापासून तुझं नाव घरात कोणी काढलं नाही. नदीवर मी काढलं, तेही कुजबुजत.

काका-मावशीला बोल नाही, त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या परीने ते आयची इच्छा पुरी करत होते, झेपली तेवढी. पण बाबाला माहीत होतं. कुत्रं घेणं सोपं होतं ग. एक शब्द चुकवायला दुसरा घेतला आणि दुसरासुद्धा कोणी पाळला नाही. शेठला पुरून आल्यावर मी बाबाला विचारलं, आता तरी बोलावू का तिला. बाबा बोलला, कुठल्या घरात?

हे पण खरं आहे. घर जातंय. आपलं घर, खळं, मागे आय वाल लावायची तो तुकडा, सगळं बिल्डरला दिलं. अक्षय तृतीयेनंतर पाडणार. बदल्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे कुत्रं चालणार नाही असं कागदात लिहून घेतलंय. म्हणून रविवारचा माणूस. मी बाबाला शिव्या दिल्या, तो बोलला, सोडून दिली तर रस्त्यावर पोरं दगड मारतील, त्यापेक्षा हे बरं. त्याला खरंच तसं वाटतं. तोच सगळ्यात वाईट भाग आहे.

मी वापीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलोय. ड्रायव्हर कुत्रं नको बोलतो, त्याला लहानपणी चावलंय. त्याच्या पोटरीवरची खूण दाखवली मला, मोठी आहे.

तांबडी छोटीला काही करणार नाही. पाण्याला घाबरते, नाल्याची आठवण असेल, तिला पाणी खोल भांड्यात देऊ नको, पसरट ताटलीत दे. भात खाते. सुकी मासळी दिलीस तर तुझीच. भावोजींना आवडणार नाही मासळीचा वास, पण गॅलरीत दे. पोटाला उन्हाळ्यात खोबरेल लागतं.

आणि ती तुला ओळखते. आय गेली त्या दिवशी तू वळणावर चिंचेखाली उभी होतीस, भावोजी स्कूटर चालू ठेवून. काका येऊन तुला तिथूनच फिरवून गेला. मी ओट्यावर होतो, मला सगळं दिसत होतं. एक कुत्री तुझ्याजवळ आली, तुझी साडी हुंगून पायाशी बसली, तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. तीच ही. आपल्या घरातून तुझ्यापर्यंत तेवढी एकटीच आली होती.

पत्र टपालात टाकतो. कॅम्प चार इथून डोळ्यांसमोर आहे, पण हे कुठे कुठे फिरून पोचेल, माझ्यासारखं. शनिवारच्या आत मिळावं. शनिवारी सकाळी मी तिला घेऊन तुझ्या जिन्याखाली उभा राहीन. वर येणार नाही, हाकही मारणार नाही. ठेवायची नसेल तर गॅलरीचं दार लावून घे, मी समजेन. मग तिचं काय करायचं ते मी बघेन, असं लिहायला पाहिजे. पण बघण्यासारखं काही उरलेलं नाही, खोटं कशाला लिहू.

आयला बोललो होतो, तुला घरात आणतो. आता घर नाही. घरातलं जे शिल्लक आहे ते तुझ्याकडे आणतोय. असा उलटा पाळलेला शब्द चालतो की नाही, हे विचारायला आता पिंड मांडता येत नाही. तू दार उघडं ठेवलंस तर मला कळेल.

आयला शब्द देऊन बसलेला,
तुझा
हऱ्या