टोळीतल्या लेकीचे बूट

आबा, आज ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. दुपारी ओढ्याकडच्या माळावर ट्रॅक्टर थांबले, ट्रॉल्यांतून ताडपत्र्या, भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या आणि पोरं उतरली, आणि मी तिथं हातात गुळाची वाटी घेऊन उभी होते. का, ते तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. समिती म्हटलं की मला फक्त गणपतीची वर्गणी आठवायची.

आता गावात लहान मुलांसाठी एक समिती आहे आणि तिचं काम मी बघते. सरपंच, अंगणवाडीच्या बाई, दूध डेअरीचे चेअरमन काका आणि चार-पाच आया, एवढीच माणसं. एखादं मूल वेळेत मान धरत नाही, हाकेला वळत नाही, पाय टेकत नाही, असं कुणाच्या लक्षात आलं की त्याला घरात झाकून ठेवू द्यायचं नाही. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात अशा मुलांवर लवकर उपचार करणारं केंद्र आहे, तिथं पोचवायचं. आणि पोचवून हात झटकायचे नाहीत. उपचार डॉक्टर करतात, पण दर आठवड्याला आईच्या सोबतीला कोण जाणार, तिच्या मागं म्हशीची धार कोण काढणार, सासूची समजूत कोण घालणार, हे डॉक्टर करू शकत नाहीत. ते आम्ही करतो. घरातली पहिली पदवी माझी. आईनं पदवीच्या झग्यातला फोटो तुमच्या फोटोशेजारी लावलाय. पहिल्या दिवशी हार दोन्ही फोटोंना घालायला निघाली होती, मावशीनं हात धरला म्हणून मी वाचले.

पण पदवीत शिकलेल्यापेक्षा तुमच्या गुऱ्हाळात ऐकलेलं एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. तुम्हाला ते आठवत असेल का, कोण जाणे. मी सहा-सात वर्षांची असेन. चुलवाणात चिपाडं धडधडतायत, काहिलीतला रस पिवळा होत आलाय, तुम्ही लांब दांड्याचा उलथना फिरवताय आणि घामानं तुमची बंडी पाठीला चिकटलीय. दारात ऊसतोड करणारी एक बाई दोन पोरं घेऊन उभी राहते. गुऱ्हाळावर आलेल्या कुणालाही रिकाम्या तोंडानं पाठवायचं नाही, ही आपल्याकडची रीतच. तुम्ही मला गरम गूळ घालून वाटी देता आणि मी मोठ्या रुबाबात त्यांच्यापुढं जाऊन विचारते, कुठल्या गावच्या तुम्ही? वाटी अजून माझ्याच हातात. तुम्ही तिथूनच, सगळ्यांच्या देखत, ओरडलात, "आधी दे, मग इचार. न्हायतर इचारूच नगंस." मी चिपाडाच्या ढिगामागं जाऊन रडले. समजूत घालणं तुम्हाला कधी जमलं नाही. संध्याकाळी तुम्ही दुसऱ्या वाटीत शेंगदाणे पेरून त्यावर गूळ ओतलात आणि ती माझ्या शेजारी ठेवून परत काहिलीकडं गेलात.

गेल्या वर्षी टोळ्या आल्या तेव्हा मी आणि अंगणवाडीच्या बाई त्यांच्या खोप्यांवर गेलो होतो. एका खोपीत साडीच्या झोळीत दोन-अडीच महिन्यांची मुलगी होती. ऊन मी म्हणत होतं, तरी तिचे पाय फडक्यात घट्ट गुंडाळलेले. बाईंनी फडकं सोडलं. दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडं बघत होते. तिची आई माझ्याच वयाची असेल, बीडकडची. ती खाली बघत म्हणाली, "ताई, गिऱ्हाणात कोयता चालवला मी. तवाच सासू म्हनली हुती, लेकराला भवंल म्हणून." मी तिच्याजवळ बसले. ग्रहणाचा आणि कोयत्याचा याच्याशी काही संबंध नाही, आणि हे पाय सरळ होतात, असं तिला सांगितलं. तिला ते खोटं वाटलं. पाय सरळ होतील हे नव्हे, तिचा दोष नाही हे.

दोन दिवसांनी केंद्रातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दर आठवड्याला पाय हळूहळू वळवून प्लास्टर घालायचं, असं काही आठवडे. मग टाचेवर छोटासा छेद. त्यानंतर आडव्या पट्टीनं जोडलेले बूट, आधी दिवसरात्र आणि पुढं नुसते झोपेत, पण काही वर्षं. बूट सोडले तर पाय पुन्हा वळतात. बाळाची हाडं मऊ आहेत तोवर सुरू केलं तर पोरगी इतरांसारखी पळेल, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना ती आई एसटीत एकदाच बोलली. टोळीचा मुकादम दर आठवड्याला सुट्टी देणार नाही, एवढंच.

मी समितीची बैठक बोलावली. चेअरमन काका तुम्हाला ठाऊकच आहेत, आवाज अजून तसाच, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. म्हणाले, "पोरी, समिती गावच्या पोरांची हाय. ही मानसं हंगाम संपला की जाणार. आज एकीला नेलीस, उद्या सगळ्या खोप्या दारात येतील. पुढच्या वर्षी आली तर बघू की." काका म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या स्वतःच्याच मुलांना न्यायला माणूस मिळत नाही कधीकधी.

मी खूप तयारी करून गेले होते, आबा. मुलांचे हक्क, योजना, सगळं पाठ होतं. त्यातलं काहीच बोलले नाही. म्हणाले, "काका, काहिलीतला गूळ वाफ्यात ओतायचा सोडून उद्या बघू म्हणतं का कोण? तो गरम हाय तवरच बसतो. आबा म्हणायचे, आधी दे, मग इचार."

काका म्हणाले, "गूळ आणि दवाखाना एक न्हवं."

अंगणवाडीच्या बाई हसायला लागल्या. "पण गूळ तर तुम्हीच सगळ्यात जास्त खाल्लाय आबांच्या गुऱ्हाळात," म्हणाल्या. "पैला घाणा लागायच्या आधी दारात हजर असायचासा." मग आयाही हसल्या, आणि काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. उठताना दारातून म्हणाले, "डेअरीचा टेम्पो जातोय की कोल्हापूरला. ड्रायव्हरच्या शेजारी बसवा तिला. मागं क्यान असत्यात." हाच आमचा ठराव. कागदावर सरपंचांनी तो जरा बऱ्या भाषेत लिहिला.

मुकादमाकडं सरपंच स्वतः गेले. आठवड्यातला एक अर्धा दिवस, एवढंच मागितलं आणि मिळवलं. आयांनी आळीपाळीनं तिच्यासोबत जायचं ठरवलं. पहिल्या वेळी एक जण नाखुशीनंच गेली, परत आली ती त्या बाळाला मांडीवर घेऊन. प्लास्टरला पाणी लागू नये, चुलीची राख आणि पाचटाचा कचरा आत जाऊ नये, म्हणून दिवसभर ते बाळ अंगणवाडीत राहू लागलं. आपल्या गावच्या बायका एरवी टोळीतल्या बायकांशी एक शब्द बोलत नाहीत. पण "प्लास्टरवाली उठली का?" असं बाहेरून विचारल्याशिवाय कुणी अंगणवाडीवरून पुढं जाईनासं झालं. हे कुणी शिकवलं नव्हतं. मला तिथं उभं राहून ते ऐकताना इतका अभिमान वाटायचा की मी उगीच फळा पुसत बसायचे.

छेद झाला, शेवटचं प्लास्टर निघालं, पावलं सरळ. तिच्या आईनं दोन्ही तळवे आपल्या गालाला लावले. मग बूट आले. रात्रभर पोरगी रडली, खोप्यांतली माणसं वैतागली, मुकादम म्हणाला, काढून फेक ते. तिनं काढले नाहीत. आणि ती जरा सरावते न सरावते तोवर कारखाना बंद झाला, टोळ्या निघाल्या.

खरी भीती तेव्हापासून होती. इथं सगळं गाव बुटांवर लक्ष ठेवून होतं, तिथं कोण ठेवणार? मी मुकादमाकडून त्यांच्या गावच्या अंगणवाडी सेविकेचा नंबर मिळवला. त्या म्हणाल्या, "समिती हाय की आमच्याकडं, पण ती बसत न्हाई कवा." मी म्हटलं, बसू दे न बसू दे, तुम्ही तेवढं आठवड्याला एकदा त्या घरी जाल का? त्या गेल्या. बूट घातलेल्या पायांचा फोटो पाठवू लागल्या. मागं कधी शेळी, कधी पाण्याची घागर, पण मध्ये ते दोन बूट. चेअरमन काका रोज सकाळी डेअरीच्या दारातून मला हाक मारायचे, "फोटू आला का ग?" आला नसेल तर माझ्याकडं असं बघायचे, जसं काही मीच बूट काढून ठेवलेत.

श्रावणात तिथल्या सेविकेनं काम सोडलं आणि फोटो थांबले. मुलीच्या आईचा फोन बंद. मुकादम म्हणाला, हंगामाला कुठल्या कारखान्यावर जायचं ते अजून ठरलं नाही. गणपती झाले, दसरा झाला. पाय पुन्हा वळले असतील तर सगळं पहिल्यापासून, आणि तेही टोळी आपल्याकडं आली तर. समितीच्या बैठकीत कुणी तिचं नाव काढायचं नाही, पण चहा आला की सगळ्यांच्या डोक्यात तीच असायची. मी बाकीच्या मुलांची कामं करत राहिले. एका मुलाला कानाचं यंत्र बसलं, तो आता आईची हाक ऐकून वळतो. हेही तुम्हाला सांगायचं होतं.

आज सकाळी निरोप आला की टोळी येतेय, तोच मुकादम. तुमचं गुऱ्हाळ बंद पडलंय, काहील उपडी पडलीय, तिच्यावर कोंबड्या बसतात. मी गाडी काढली, कोडोलीच्या पुढं एक गुऱ्हाळ अजून चालतं, तिथून गरम गूळ आणला. शेंगदाणे घरून नेले होते. माळावर जाते तर चेअरमन काका माझ्या आधीच तिथं, म्हशींसाठी उसाचं वाढं बघायला आलोय म्हणाले. आसपासच्या शिवारात एक ऊसही अजून तुटलेला नव्हता.

ती दुसऱ्या ट्रॉलीतून उतरली. आधी गाठोडं खाली टाकलं, मग कडेवरची पोरगी मातीत उभी केली. पोरगी आईच्या साडीला धरून उभी राहिली, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवून. मग साडी सोडली आणि कोंबडीच्या मागं चार पावलं जाऊन बदकन बसली. काकांनी तोंड फिरवलं आणि टोपी काढून पुन्हा घातली. तिच्या आईनं गाठोडं सोडलं. सगळ्यात वर बूट होते, तळ झिजलेले, पट्टीला चिंधी बांधलेली. "ल्हान व्हायलेत," ती म्हणाली. "मोठे मिळतील ना, ताई?"

मिळतील. येत्या आठवड्यात टेम्पो जाईल, ड्रायव्हरच्या शेजारची जागा धरलेली आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून शेवटचं खरं सांगते. काकांनी घरी येऊन आईला सांगितलं, तुमची पोरगी आबांवर गेलीय. आईनं ते तुमच्या फोटोला सांगितलं असेल. पण ती ट्रॉलीतून नुकती उतरत होती, अजून गाठोडं तिच्या डोक्यावर होतं, तेव्हाच मी धावत गेले आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "बूट रोज घालता का?" गुळाची वाटी माझ्याच हातात होती, आबा. आधी विचारलं, मग दिली.