बाईजाला कोणी बोलावलं

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा मिस्ड कॉलची रांग! हात कोपरापर्यंत तेलात, समोर भातसानगरच्या इंजिनियरीणबाई मालिशीला पालथ्या पडलेल्या आणि फोन टेबलावर थरथरतोय. उचलला तर स्क्रीनभर तेल, नाही उचलला तर गिऱ्हाईक हायवेवरच्या नव्या स्पाकडे. संध्याकाळी सगळ्यांना परत फोन केले, तर एक म्हणते, "अगं, तू उचललाच नाहीस, मग तिकडे जाऊन आले." तिकडे! गुलाबी पडदे, कानाशी बासरी आणि मालिश म्हणजे पाठीवरून नुसता हात फिरवणं.

अनिल म्हणतो, फोनवर एक मुलगी ठेव. नवरोजींना धरणाच्या ऑफिसात बसून सल्ले द्यायला काय जातंय!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घेतला एकदाचा तो फोनवर बोलणारा एआय एजंट. कंपनीच्या माणसाने सगळं फोनवरूनच बसवून दिलं. आता माझ्या नंबरवर कॉल येवो की व्हॉट्सॲप, मशीनमधली बाईच बोलणार. मोकळी वेळ बघणार, बुकिंग घेणार, आदल्या दिवशी आठवण करणार. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं येतं. नाव काय ठेवायचं विचारलं. मी म्हटलं, सावळी. तो म्हणाला, मॅडम, सगळे 'माया' ठेवतात. म्हटलं, ठेवू देत.

अनिलने मुद्दाम फोन करून छळलं तिला. "तुमच्याकडे बैलाची मालिश होते का?" — "क्षमस्व, सध्या ही सेवा उपलब्ध नाही. आणखी काही मदत करू का?" हसून हसून पोट दुखलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आठवडा भरला! तानसाकडच्या रिसॉर्टचे पाहुणेसुद्धा थेट सावळीकडे वेळ मागतात. लोकांना ती खरीच वाटते. इंजिनियरीणबाई म्हणाल्या, "नवीन मुलगी फार नम्र आहे हो, तुझ्यासारखी खेकसत नाही." घ्या!

बाईजामावशीने विचारलं, "ती सावळी कोनाची पोर गो? कंच्या गावची?" मी समजावलं — माणूस नाही, मशीन आहे. तिला पटलं नाही. "मशीन बोलंल, पन 'बसा मावशी' कशी म्हनंल?"

बाईजाचं माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. ती किन्हवलीच्या पुढच्या वाडीतली. बाळंतिणीला मालिश, बाळाला अंघोळ, शेकशेगडी — इकडच्या निम्म्या घरांतली पोरं तिच्या पायांवर न्हालीत. मी स्पा काढला तेव्हा तिला म्हटलं, तू माझ्या नावाने जा, तुझी ने-आण माझ्याकडे. घरी जाऊन करायची ही मालिश हाच माझ्या धंद्याचा कणा. तिची एक रीत मात्र ठरलेली. मूल झाल्यावर घरचं माणूस बोलवायला आलं तरच ती जाते. तोवर तिचं नाव त्या घरात कोणी काढत नाही, पोराला बाधतं म्हणतात, आणि ती त्या घरावरून जातसुद्धा नाही. ह्या रीतीपायी माझी किती कामं गेलीत! शहरातल्या बाया दोन-दोन महिने आधी बुकिंग करतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सावळीने बाळंतिणीचं पहिलं बुकिंग घेतलं — आणि तेही आगाऊ! सरळगावच्या अलीकडच्या गावातला रविंद्र, कल्याणला कंपनीत जातो. बायको नम्रता, दिवस भरत आलेत. तिला माहेर असं नाही, आई दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून पहिलंच बाळंतपण सासरी. सावळीने अपेक्षित तारीख विचारली, बाई कोण हवी ते विचारलं, मी यादीत घातलेलं बाईजाचं नाव टाकलं. तारखेच्या सुमारास ती त्याला विचारणार, "प्रसूती झाली का?" त्याने 'हो' दाबलं की पुढची वेळ आपोआप पक्की. ही सगळी पद्धत मीच तिला शिकवली. जरा अभिमानच वाटला.

बाईजाला सांगितलं नाही अजून. चिडेल.

३० नोव्हेंबर, रविवार

रिसॉर्टचे पाहुणे. पाठ मोडली.

१० डिसेंबर, बुधवार

रविंद्रचं 'हो' आलं! सावळीने त्याला अभिनंदनाचा मेसेजही धाडला, फुलांच्या चित्रासकट. शुक्रवारी सकाळची वेळ.

बाईजाला फोन केला. "बोलवायला कोन आलं हुतं?" म्हटलं, मावशी, फोनवर पक्कं झालंय. "फोनवर कोन बोललं? सासू का नवरा?" मी म्हटलं, सावळीशी बोललाय तो. तिला ते पटेना. मग म्हणाली, "मी अशी कदी गेलेली नाय." मी चिडलेच. म्हटलं, जग कुठे चाललंय आणि तू वाट बघत बस निरोपाची! शेवटी कबूल झाली. माझ्यासाठी झाली. मला माहीत आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काय करून बसले मी!

बाळ गेलं होतं. झाल्यावर दुसऱ्याच दिवशी. काल माती दिली. आणि आज सकाळी माझी बाईजा तेलाची बाटली घेऊन त्या ओटीवर उभी!

मी बरोबरही नव्हते. फाट्यावर तिला स्कूटीवरून उतरवलं आणि परत फिरले — रिसॉर्टची एक बाई वेळ घेऊन बसली होती ना माझी! घर चार पावलांवर आहे, जाईल म्हटलं. गावात शिरायच्या आधी कोणाला तरी विचारलं असतं तर?

बाईजा तिकडून चालत फाट्यावर आली आणि जीप धरून घरी गेली. मला फोन नाही. दुपारी मी केला तेव्हा एवढंच बोलली — "सकुबाई दारात आली. म्हनाली, कोनी बोलावलं तुला? पोर मातीत जाऊन एक दीस नाय झाला, आन तू तेल घेऊन आलीस?" मग म्हणाली, "तेल पदराखाली घेतलं आन माघारी फिरले, सरिता." आणि फोन ठेवला.

सकुबाई म्हणजे नम्रताची सासू.

१३ डिसेंबर, शनिवार

रविंद्रला फोन केला. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणतो, "ताई, चूक माजी. परवाचा आठवनीचा मेसेज बघितलाच नाय, आन त्याच्या आदी दवाखान्यात हुतो. तिनं विचारलं, डिलिव्हरी झाली का. झाली हुती, म्हनून हो दाबलं. त्याच्याफुडं तिनं काय विचारलंच नाय."

विचारणार कशी? मी शिकवलंच नव्हतं! बाळंतपण झालं की बाळ असणारच, असं मीच धरून चालले.

कंपनीला फोन. अभिनंदनाचा मेसेज आणि ते आगाऊ बुकिंग, दोन्ही बंद करायला लावलं. माणूस म्हणतो, सॉरी मॅडम, अशा केसेस रेअर असतात. जीभ आवरली कशीबशी.

१५ डिसेंबर, सोमवार

सावळीचा संध्याकाळचा अहवाल. सरळगावच्या बाजूचं एक बुकिंग रद्द. खाली लिहिलंय — "कारण : ग्राहकाला बाईजामावशी नको आहेत. दुसऱ्या व्यक्तीची विनंती केली आहे." काय गोड भाषा!

१६ डिसेंबर, मंगळवार

आणखी एक. हेसुद्धा त्याच बाजूचं.

बाजारात पारू भेटली, तिचं माहेर रविंद्रच्याच गावात. तिने कानावर घातलं. गावात म्हणतात, पोर पोटात होतं तेव्हाच बाईजाचं नाव लावून ठेवलं होतं, म्हणून असं झालं. आणि वर न बोलावता आली, म्हणजे तिला आधीच कळलं असणार. मी भर बाजारात ओरडले, "नाव मी लावलं! तिला पत्तासुद्धा नव्हता!" पारू म्हणाली, "मला सांगून काय उपेग? लोक तुज्या मशीनला वळखत नाय. बाईजाला वळखतात."

खरं आहे. सावळीला कोण शिव्या घालणार? चेहरा लागतो ना समोर.

१७ डिसेंबर, बुधवार

बाईजाच्या वाडीवर गेले. अंगणात वाल सोलत बसली होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच बोलत सुटले. मशीनने असं केलं, मशीनला कळत नाही, मी बंद करायला लावलंय... ती वाल सोलत राहिली. मग म्हणाली, "तू सारखं मशीन, मशीन करतेस. मला उटवून नेलं कोनी?"

मी रडले. तिने रडू दिलं. नंतर पाणी आणलं, तेही माझ्या हातात नाही दिलं, बाजूला ठेवलं. म्हणाली, "पन्नास घरं केली म्हन का शंबर म्हन. आता लेकीसुना मला बघून पोराला पदराखाली घेत्यात. ह्या वयात मी कुटं तोंड दावू?"

मी निघाले तेव्हा म्हणाली, आता मला काम सांगू नको.

१८ डिसेंबर, गुरुवार

अनिल म्हणतो, काही दिवसांत लोक विसरतील, तू मध्ये पडू नको. मी म्हटलं, मी मध्ये पडले नाही, मध्येच आहे! जेवण नीट झालं नाही दोघांचं.

एक गोष्ट स्वतःशी कबूल करायला हवी. बाईजा गेली तर माझी घरची कामं संपली, ही भीतीसुद्धा आहेच आत. पण ती मागे पडलीय. बाईजा त्या अंगणात मान खाली घालून वाल सोलते, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

गेले शेवटी सकुबाईच्या घरी. ओटीवर ती एकटीच, सुपात तांदूळ घेऊन. निवडत नव्हती, नुसती हात फिरवत होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. बाईजाला काही माहीत नव्हतं, नाव मी टाकलं, पाठवली मी, जे बोलायचं ते मला बोला. गावात बाईजाचं नाव तेवढं मोकळं करा.

तिने वर पाहिलंच नाही. "पोराला मी घेतला हुता. हातात. गरम हुता." मग, "तू जा आता. तिचं नाव हितं काढू नको."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी उठले आणि निघाले. झालं. आता कोणाकडे जाऊ?

२१ डिसेंबर, रविवार

रिसॉर्टच्या बायका. एकीने सावळीचं कौतुक केलं. मी तेलाची वाटी भरून घेतली. हा महिना संपला की बंद करणार हिला. फोन तेलाने बरबटला तरी चालेल.

२२ डिसेंबर, सोमवार

बाईजा फोन उचलत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सावळीने घेतलेला एक कॉल आत्ता ऐकला. जसाच्या तसा लिहून ठेवते.

"नमस्कार, मी सावळी. आपल्याला कोणती सेवा हवी आहे?"

"मालिश." अगदी बारीक आवाज. "बाळंतिनीची."

"बाळ आणि बाळंतीण, दोघांची का?"

"नाय. माजीच." मग थांबून, "मी नम्रता. अंग लय दुकतं. छाती दगडागत झालीय, ताप चढतो. बाळ नाय ना, म्हनून कोनी मालिश कर म्हनलंच नाय."

त्या लोटलेल्या दाराबाहेर बसून आले मी! बाईजाचं नाव, माझं नाव, सगळं बोलले. ती कशी आहे, एवढं एक विचारलं नाही.

"आपल्याला कोणाकडून मालिश हवी आहे?"

"बाईजामावशी. दुसरं कोन नको."

"उद्या सकाळी दहाची वेळ चालेल का?"

ती काही बोलायच्या आत मागून सकुबाईचा आवाज आला, रडून बसलेला. "उद्या नको, आजच सांग गो तिला. म्हनावं, सासूनं बोलावलंय. मी पानी तापत ठेवते."

डॉक्टरीणबाईंना फोन करून ठेवलाय, ताप आहे म्हणून. स्कूटी काढलीय. बाईजाच्या वाडीवर चाललेय, हा कॉल तिला ऐकवायला.