चिखल भरलेली तिसरी

आई, परवाच्या शुक्रवारी मी वाळवंटात तिसऱ्या निवडत बसलो होतो. हो, तिसऱ्याच. तुला खोटं वाटेल, पण रियाधपासून तासाभरावर, जिथे पाण्याचा टिपूस नाही, तिथे आपल्या खाडीत मिळतात तशाच, मिटल्या शिंपांच्या तिसऱ्या जमिनीतून निघतात. फक्त दगडाच्या. आणि तू शिकवलंस तशाच मी त्या निवडल्या, म्हणून चाळीस माणसांत माझं हसं झालं. चूक थोडी तुझीही आहे, म्हणून तुलाच लिहायला बसलोय.

तू गेलीस तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आता चोवीस. मधलं सगळं सांगत बसत नाही, पण एक सांगायलाच हवं. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. वर्गातल्या एका मुलीला मी लिहिलेलं पत्र एकाने कँटीनच्या बाकावर उभं राहून मोठ्याने वाचलं, चाल लावून. मी बाक उलटा केला, त्याच्यासकट. प्राचार्यांनी माफीनामा मागितला, मी म्हटलं देत नाही. एवढंच. एका कागदासाठी सगळं सोडून घरी आलो आणि बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मामाने ओळखीतून इकडे पाठवलं, एसीच्या कामावर. तेव्हापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. हे पहिलंच.

आता जिच्याशी लग्न करायचंय तिचं सांगतो. इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, तासगावकडची. तिच्या हॉस्टेलचा एसी दुरुस्त करायला गेलो होतो आणि सुपरवायझरने चुकीचा फिल्टर दिला म्हणून दारातच त्याच्याशी भांडत होतो, हिंदीत, शिरा ताणून. ही आतून आली, हातात पाण्याचा ग्लास दिला आणि मराठीत म्हणाली, "आधी हे पी. मग भांड. घसा कोरडा असला की शिव्या नीट येत नाहीत." मी पाणी प्यायलो आणि पुढचं काही आठवेना. गेले आठ महिने असंच चाललंय. जेवताना तिचा मेसेज आला की माझा हात ताटातच राहतो. माझा रूममेट गुहागरचा प्लंबर आहे, तो म्हणतो, "ह्याला पगार झाला काय नि न झाला काय, हा मोबाइलवरच जगतो."

तिच्याकडे लग्नाचं बोललो तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. इथल्या बत्हा बाजारातल्या एका खानावळीत समोर बसून डाळीत रोटी बुडवत म्हणाली, "माझ्या बाबांना डिग्री नसलेला चालेल. डोकं फिरलेला चालणार नाही. मलापण नाही. दिवसभर वॉर्डात आरडाओरडा ऐकते, घरी परत तेच नको." मी म्हटलं, मी बदललोय. ती म्हणाली, "शुक्रवारी मराठी मंडळाची सहल आहे ना, तू बसमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत मी तुझा टेंपरेचर चार्ट ठेवणार. नॉर्मल राहिलास तर त्याच रात्री घरी फोन करते. नाही राहिलास तर जय महाराष्ट्र." मी हसलो. तीही हसली, पण तिची थट्टा कुठे संपते ते मला आता कळायला लागलंय. ती थट्टा नव्हती.

तर शुक्रवारी सकाळी आम्ही कामगार-कॅम्पवाले बसने आणि आयटी-बँकवाली कुटुंबं आपापल्या गाड्यांनी निघालो. ती आणि तिची मैत्रीण एका कुटुंबाच्या गाडीत. थंडी एवढी की बसमध्ये सगळे मफलर गुंडाळून बसलेले, आणि प्लंबर आपला पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन, ऊब लागते म्हणून. तिथे उतरलो तर समोर एक लांबच लांब उभा कडा, त्याच्या पायथ्याला पिवळट, ठिसूळ मातीच्या टेकड्या. ना तिकीट, ना कुंपण. कुणीही यावं, बसावं आणि उकरावं. आमच्यातले एक बँकवाले काका आहेत, त्यांना दगडांचं वेड. त्यांनी सगळ्यांना गोल उभं करून सांगितलं, "इथे एके काळी समुद्र होता. हातोडा चालवायचा नाही, हाताने किंवा छोट्या खुरप्याने उकरायचं. आणि घरी न्यायचा तो एकच, मुठीत मावेल एवढा. बाकीचे मागून येणाऱ्यांसाठी." मला एकदम आपली खाडी आठवली. ती तरी कुणाची होती? ओहोटी लागली की जो येईल त्याची. तू साडी खोचून, टोपली कमरेला लावून चिखलात उतरायचीस आणि पहिली मूठ परत पाण्यात टाकायचीस, "मागून येणारीला राहू दे" म्हणत.

म्हणजे बघ, तिथे पोचल्या पोचल्या मी तुझ्यातच गेलो. बसलो, माती उकरली, आणि वीतभर खाली चक्क तिसरी. दोन्ही शिंपा मिटलेल्या, वरच्या रेघांसकट. प्लंबर ओरडला, "अरे, ही तर आपली!" आमच्या दोघांच्या हातांना दुसरं काही माहीतच नाही ना. लगेच एक इकडून, एक तिकडून घेतली आणि कानाशी धरून एकमेकींवर वाजवल्या. टक् आवाज आला तर चांगली, बद्द आला तर आत चिखल, फेकून द्यायची. तूच शिकवलंस. एक चिखलाची तिसरी भांड्यात गेली की अख्खं कालवण गेलं. आम्ही दोघं उन्हाला पाठ करून तासभर तेच करत होतो. उकरायचं, वाजवायचं, बद्द वाजली की मागे भिरकवायची. आणि आई, सगळ्याच बद्द वाजत होत्या! प्लंबर वैतागला, "काय रे हे, सौदीत एक पण ताजी नाय." शेवटी आमच्या रुमालावर काय जमलं, तर पातळ फुटके तुकडे, अर्धी शिंप, पाव शिंप. तेवढेच काय ते टकटक वाजले.

मागे एक आठ-नऊ वर्षांची मुलगी गुलाबी बादली घेऊन उभी. एका आयटीवाल्यांची. ती म्हणाली, "अंकल, व्हाय आर यू थ्रोइंग द गुड वन्स?" मी म्हटलं, "अगं, त्या चांगल्या नाहीत, त्यांत चिखल आहे." तिने बादली दाखवली. आम्ही फेकलेल्या सगळ्या तिने गोळा केलेल्या, काठोकाठ.

काका आले, बादलीत बघितलं, आमच्या रुमालाकडे बघितलं आणि खालीच बसले हसत. "अरे, तुम्ही मासळी बाजारात आलाय का? जीवाश्म म्हणजे हेच! आत चिखल भरला, त्याचा दगड झाला, म्हणून आकार राहिला. जे रिकामे होते ते वरच्या वजनाने दबून चुरा झाले. तुम्ही चुरा जपला आणि शिंपला फेकला." सगळे जमले. हसण्याची लाट उठली. मीही हसलो, खरंच हसलो. ती पण पलीकडे मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, डोळे पुसत. तिथपर्यंत सगळं झकास होतं.

मग त्या मुलीचे बाबा म्हणाले, "कॉलेज पूर्ण केलं असतं तर हे कळलं असतं." त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. वाईट हेतूने नसतील म्हणाले, हसता हसताच म्हणाले. पण मला तो बाक दिसला. कान तापले. हातात मुठीएवढा दगड होता, तो कधी इतका घट्ट धरला मला समजलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. पेशंटकडे बघतात तशी. मी दगड खाली ठेवला, "पाणी पिऊन येतो" म्हणालो आणि बसच्या पलीकडे गेलो.

तिथे मला मामा आपल्याकडे आला होता तो दिवस आठवला. मी नऊ वर्षांचा. मामा चार वर्षांनी यायचा होता म्हणून तू पहाटेच खाडीवर जाऊन टोपली भरून आणलीस. चुलीवर पाणी उकळतंय, खोबरं भाजल्याचा वास घरभर, आणि वाजवून निवडायचं काम माझ्याकडे. बाहेर पोरं क्रिकेट खेळतायत आणि मी मोरीपाशी बसून टक्, टक्. मी रडलो, पाय आपटले, तू म्हणालीस, "झाल्याशिवाय उठायचं नाही." मग तू झाकण काढलंस तेव्हा चिखलाने पाणी राखेसारखं. आपले घरचे काका ओरडले, आजी ओरडली, मामा म्हणत राहिला असू दे, असू दे. तू रागावली नाहीस. टोप उचललास, माडाच्या आळ्यात रिकामा केलास, टोपली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "ओहोटी अजून आहे. चल." वाटेत मात्र म्हणालीस, "चिडलेल्या हाताला आवाज ऐकू येत नाही रे." त्या दिवशी आपण सगळे दुपारी साडेतीनला जेवलो. तसं कालवण मी परत खाल्लं नाही.

हे सगळं आठवून मी शांत झालो, असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. पण मी आधी बसच्या टायरला एक लाथ घातली. पूर्ण ताकदीने. टायर गप्प, माझा अंगठा बोंबलला. मग पाणी प्यायलो, आणि मग शांत झालो.

परत गेलो आणि त्या मुलीच्या बाबांना म्हटलं, "खरंय साहेब, नाही केलं पूर्ण. पण तिसरी कशी वाजवायची ते मला येतं, तुम्हाला येतं का?" ते जरा ओशाळले, मग त्यांनी हात पुढे केला. मी दोन तिसऱ्या त्यांच्या कानाशी वाजवल्या. मग त्यांची मुलगी, मग काका, मग सगळी बायकामाणसं. तू बघायला हवं होतंस, आई. उन्हात चाळीस माणसं, मफलर सोडलेले, दगड कानाशी धरून टक्-बद्द ऐकतायत, आणि प्लंबर मध्ये उभा राहून एकेकाला पास-नापास करतोय. ड्रायव्हर पेशावरचा, तो लांबून ओरडतोय, "यल्ला भाई, पत्थर से बात खलास करो, गाडी निकालनी है!"

मी सगळ्यात बद्द वाजणारी एक निवडली. दोन्ही शिंपा मिटलेली, हातात घट्ट बसणारी. आणि लंगडत तिच्याकडे गेलो. तिने ती उलटसुलट करून पाहिली. तिने आयुष्यात तिसरी खाल्लेली नाही, माळकऱ्यांच्या घरची आहे. म्हणाली, "आत चिखल भरला म्हणून टिकली, हो ना?" मी म्हटलं, काका तसंच म्हणाले. "ऐकून ठेवते," म्हणाली, आणि माझ्या पायाकडे बघितलं. "लंगडतोस का?"

"दगडाला ठेचकळलो."

तिने बूट काढायला लावला. अंगठा जांभळा. तिने पर्समधली पट्टी काढली आणि तिथेच मातीत बसून बांधायला घेतली, अगदी हलक्या हाताने. तो हात बघितला आणि खोटं गिळवेना. म्हटलं, "दगड नव्हता. टायर होता. मीच लाथ घातली."

"माहितीय," ती म्हणाली. "मी पाणी घेऊन तुझ्या मागेच आले होते. बसच्या कडेला उभी होते."

"मग विचारलंस कशाला?"

"चार्ट पेशंटला विचारूनच भरतात." गाठ मारली, वर बघितलं. "नव्व्याण्णव लिहिते. नव्व्याण्णवला आम्ही ताप धरत नाही."

आणि त्या रात्री तिने खरंच घरी फोन केला. तिचे बाबा म्हणाले, पोराला बोलू दे माझ्याशी. येत्या शुक्रवारी बोलायचंय. काय बोलायचं याची मी बाथरूममध्ये प्रॅक्टिस करतो आणि बाहेरून खोलीतले पाचही जण मला वाक्यं सुचवतात, एकाहून एक वाह्यात. ती तिसरी तिच्याकडे आहे, खिडकीत, औषधांच्या डब्याशेजारी. माझ्या वाट्याचा एक दगड मी उचलला नाही. पहिली मूठ म्हणून ठेवून आलो, मागून येणारीला.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात, पासपोर्टच्या पाकिटाखाली राहील. पण खरं बोलून परवा माझं काही बिघडलं नाही, उलट जमलं, म्हणून तुलाही एक सांगून टाकतो. पंधरा वर्षं सांगायचं राहिलंय. चिडलेल्या हाताला आवाज ऐकू येत नाही, असं तू म्हणालीस. आई, त्या दिवशी मला ऐकू आला होता. चांगला बद्द वाजला होता. मी तुझ्या पाठीकडे बघितलं आणि ती तिसरी टोपात सोडली.