चौपन्न टक्क्यांचं श्रीखंड

अमरावती, बुधवार

तीर्थस्वरूप ताईस धाकट्या उल्हासचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर? अकोल्याच्या या उन्हात त्यांना दुपारचं बाहेर पडू देऊ नकोस, ते ऐकणार नाहीत हे ठाऊक असलं तरी. इकडे सगळं कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून काय ते तूच ठरव. फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जातं, आणि मोबाइलवर लिहायला घेतलं की माझं बोट नेमकं नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतं. (मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीची बातमी अशीच दर्यापूरपर्यंत गेली.)

काल दहावीचा निकाल लागला. फेब्रुवारी-मार्च हा माझा हंगाम, हे तुला माहीतच आहे. पूर्वी लोक लग्नामुंजीला गुरुजी शोधायचे, आता हॉल तिकीट देवापुढे ठेवायला शोधतात. पेनांची पूजा, सरस्वतीला अभिषेक, गणितासाठी अथर्वशीर्षाची वेगळी आवर्तनं. (विज्ञानाचे दोन्ही भाग एकातच उरका म्हणणारेही भेटतात.) एका बाईंनी विचारलं, नव्वदच्या वर हवे असतील तर काही निराळं असतं का? मी असतं म्हणालो. काय करणार, पोट आहे. आपल्या देवश्रीचं पेनही त्याच ताम्हनात ठेवलं होतं. आणि गुरुजींचीच पोर पंच्याऐंशीच्या खाली आली तर यजमान मला काय म्हणतील, हे मी वर्षभर रोज तिला ऐकवत होतो. जेवताना जरा जास्तच.

तिच्याच वर्गात वकील बापूसाहेबांचा गौरांग आहे. बापूसाहेबांनी निकालाच्या दिवशीच सत्यनारायण ठेवला, आणि तोही अशा बेतानं, की इकडे कथा संपावी, तिकडे एकला निकाल लागावा आणि आरती सत्त्याण्णव टक्क्यांची व्हावी. निकालानंतर पूजा करू असं मी सुचवून पाहिलं. निकाल ही केवळ औपचारिकता आहे, असं त्यांनी मला कोर्टात सांगावं तसं सांगितलं. फाटकावर गौरांगच्या फोटोचा फ्लेक्स गुंडाळून बांधलेला, नुसती दोरी ओढायची बाकी. क्लासचे सर शाल-श्रीफळ घेऊन सोफ्यावर आणि फोटोग्राफर कूलरच्या तोंडाशी. पोरगा सोवळं नेसून आईवडिलांच्या मध्ये बसला होता. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पूजा आहे म्हणून नव्हे, घशाखाली उतरत नव्हता म्हणून.

चौथा अध्याय संपत आला तेव्हा एक वाजला. कथेकडे एकाचंही लक्ष उरलं नाही. सगळ्यांचे अंगठे मोबाइलवर, आणि बोर्डाची साइट काही उघडेना. चौरंगाशेजारी माझ्या पिशवीतला फोनही घूं घूं करून राहिला होता, पण हातात पोथी, मी कसा बघणार? (खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.) इतक्यात क्लासच्या सरांनी वाचलं, एक्क्याण्णव पॉइंट चाळीस.

ताई, एक्क्याण्णव. आपल्या खानदानात कुणी पाहिले नाहीत एवढे. पण त्या हॉलमध्ये कुणी तरी गेल्यासारखं झालं. गौरांगच्या आईच्या, चारुशीलाबाईंच्या, मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. नंबर चुकीचा टाकला असेल, म्हणून बापूसाहेबांनी पुन्हा बघायला लावलं. पुन्हा तेच. मग ते पोराकडे न बघता, हळू आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढ्या लोकांत मान खाली घालाले लावली तू मले."

गौरांग उठला आणि जिना चढून वर गेला. वरच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज खालपर्यंत आला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. येईल रडून, असंच सगळे म्हणाले. सर तेवढ्यात शाल घेऊन निघून गेले. (श्रीफळ विसरले.) मग चारुशीलाबाईंनी वर जाऊन हाका मारल्या. आतून उत्तर नाही. बापूसाहेबांनी दारावर थापा मारल्या, आधी रागानं, मग निराळ्याच कशानं तरी. तरीही उत्तर नाही. बाई धावत खाली आल्या आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाल्या, "गुरुजी, वर पंखा आहे."

मी पोथी हातात घेऊनच जिना चढलो. धोतराचा सोगा पायात येत होता. दाराशी गेलो खरा, पण बोलायचं काय? एवढे श्लोक पाठ आहेत, त्यातला एकही आठवेना. शेवटी तोंडाला जे आलं ते बोललो. म्हटलं, "गौरांग, आमच्या देवश्रीले बासष्ट पडले."

खोटं, ताई. फोन मी अजून पाहिलाच नव्हता, आणि मनात पंच्याऐंशी धरून बसलो होतो.

खाली लोक जिन्याशी गोळा झाले. मग आतून आवाज आला, "खरं सांगून राहिले, काका?"

"खरं."

"मग घरी काय म्हटलं तिले?"

"काय म्हणणार? श्रीखंड करून राहिलो. पोरगी पास झाली. तू बाहेर ये, माझा एक अध्याय बाकी आहे अन् तूच उठून गेला."

कडी निघाली. पोराचा चेहरा मला पाहवेना. बापूसाहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसले होते. पोराचा हात धरून म्हणाले, "दोन घास खाऊन घे, बाबू." कोर्टात तासन् तास बोलणारा माणूस, ताई, एवढंच बोलला. मग मी उरलेला अध्याय वाचला, आणि तो मात्र सगळ्यांनी ऐकला.

फाटकाबाहेर स्कूटरपाशी येऊन फोन काढला. देवश्रीचा दोनच शब्दांचा मेसेज होता. 'बाबा, चौपन्न.' मी खोटं बोलतानासुद्धा पोरीला बासष्ट दिले होते; बोर्डाला तेवढेही देववले नाहीत.

पहिला राग आला. रागानंच स्कूटर सुरू केली, राजापेठेपर्यंत तिला काय काय बोलायचं ते ठरवलंही. पण घरी पोचलो तर चारुशीलाबाईंचा फोन माझ्या आधी पोचला होता. तुमच्या मिस्टरांचं मन किती मोठं, बासष्टला श्रीखंड करता, असं त्या रडत रडत मैथिलीला सांगत होत्या, आणि फोन स्पीकरवर होता. बायकोला सगळं कळलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि चक्का आणायला पिशवी हातात दिली.

देवश्री न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. तिच्या दप्तरात दोन ड्रेस कोंबलेले. अकोल्याच्या एसटीत बसून तुझ्याकडे येणार होती म्हणे. (तुझ्याकडेच आली असती का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.) तिनं विचारलं, "बाबा, चौपन्न माहीत असते तरी तुमी तेच म्हटलं असतं?"

मी हो म्हणालो. मी तो फोन जिना चढायच्या आधी पाहिला असता तर काय बोललो असतो, ते मला अजून माहीत नाही. पण पोरगी बघत होती, आणि दुसरं उत्तर तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. भर उन्हात तीन डेअऱ्या हिंडलो. पेढ्यांच्या गर्दीत चक्का कुणी देईना. रात्री तिनं दोनदा मागून घेतलं. कितीतरी महिन्यांनी ती माझ्यासमोर बसून पोटभर जेवली.

टक्क्यांचं हे खूळ आपण मोठ्यांनीच डोक्यात घेतलं आहे, ताई. मी तरी त्यातून सुटलो. भाऊजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा.

तुझा,
उल्हास

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. देवश्रीला अकोल्यात शेतीच्या पदविकेला जायचं आहे. चौपन्नवर नंबर लागेल म्हणतात. ती दोन वर्षं तुझ्याकडे राहिली तर चालेल का? खाण्याची कटकट नाही, कामाला वाघ आहे. नाही म्हणू नकोस, मी तिला हो सांगून बसलो आहे.

पुन्हा ता. क. भाऊजींना आकडा सांगू नकोस. पास झाली, एवढंच सांग. विचारलंच तर साठच्या आसपास म्हण.

आणखी एक. माझ्या भाचीला, प्राजक्तालाही, यंदा दहावीच होती ना? तिला किती पडले? सहज विचारतो. दशांशासकट लिही.