एक ठोका जास्त

मंगळवार, ६ फेब्रुवारी

खोटं बोलले. आईशी. तोंडावर, दिवसाढवळ्या, किल्ल्याच्या दरवाजात उभी राहून!

सकाळी निघताना सगळं छान होतं. दुकानाला सुट्टी, आईचा गुडघा बरा, बसमध्ये खिडकीची जागा. किती वर्षं म्हणतेय ती, "एकदा मला त्या नगारखान्यात घेऊन जा." किल्ल्याचा मोठा दरवाजा आणि त्याच्या डोक्यावर नगारखाना. राजाची स्वारी आत यायची तेव्हा वर नगारे वाजायचे म्हणे. आईला राजाशी काही देणंघेणं नाही. तिला फक्त वर जाऊन खाली बघायचं होतं.

का, ते लिहून ठेवते. घरात सगळ्यांना पाठ आहे, पण लिहिलं कुणीच नाही.

बाबा अग्निशमन दलाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. कुणी बडे पाहुणे येणार होते म्हणून एकदा अख्खा बँड नगारखान्यात चढवला. खाली ही गर्दी. गर्दीत आई — म्हणजे तेव्हा आई कुठली, लग्न ठरलेली मुलगी. धून संपली. सगळे थांबले. आणि मग एकटाच ढोल — धम्! एक ठोका जास्त. पाहुणे दचकले, बँडमास्तरांनी बाबांना सगळ्यांदेखत झापलं. बाबांचं म्हणणं जन्मभर एकच: "तू दिसलीस. पाण्याच्या दगडी कुंडीपाशी एका पायावर उभी राहून चपलेतला खडा काढत होतीस. माझा हात चुकला." आईचंही जन्मभर एकच: "वरून कुंडी दिसतच नसणार. चुकलात ते चुकलात, माझ्यावर कशाला ढकलता?" मग खड्याचं कसं कळलं? "माझ्या मैत्रिणीनं सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहायचं नाही."

जेवताना, भांडण झालं की, घरी कुणी आलं की हा खटला उभा राहायचा. दोघंही हरायला तयार नाहीत आणि आम्ही पोरं कंटाळून उठून जायचो. बाबा गेले आणि खटला तसाच पडून राहिला. आईला आता निकाल हवा होता, बस.

आणि मी काय केलं? जिन्याशी रांग होती. अरुंद जिना, गुडघ्याएवढ्या उंच पायऱ्या. आई चढताना दर पायरीला थांबते, कधी कधी बसतेच. मघाशी तिकीटघरापाशी बसली तेव्हा मागची एक बाई "च्च" करून वळसा घालून गेली होती. मला लाज वाटली. आईची! आता जिन्यावर सगळी रांग तुंबणार, सगळे आमच्याकडे बघणार — एवढंच डोक्यात. आई कुंडीच्या काठावर टेकली होती. मी जिन्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "वरचा मजला बंद आहे गं. दुरुस्ती चाललीय."

"असं होय," ती म्हणाली.

तेवढ्यात वरून एक मुलगी किंचाळली, "मम्मी, मी इथे! इकडे बघ ना!"

"कामगार असतील," मी म्हणाले. काय अक्कल माझी!

"हो, असतील," आई म्हणाली. आणि चपला झटकून उठली.

बुधवार, ७ फेब्रुवारी

दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासले. एक आजोबा तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचून गेले. मी तक्ता बदलला तर एक अक्षर येईना! बाहेर बाकावर बसून पाठ केली होती. मी नेहमी हसून सोडते असल्यांना. आज म्हणाले, "आजोबा, खोटं बोलून चष्मा मिळत नाही." ते बिचारे ओशाळले.

मी कोण लागून गेलेय त्यांना शिकवणारी!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आईची कापडी पिशवी धुवायला घेतली. कालपासून म्हणत होती, "राहू दे, मी धुते." मी ऐकते थोडीच. आत टॉवेलात गुंडाळलेली बाबांची काठी! ढोलाची. टोकाला लोकरीचा गोळा आहे ती. गोळा चेपलाय, काठीला बाबांच्या हाताचा काळपट डाग अजून आहे.

म्हणजे ती काठी घेऊन वर जाणार होती. वर जाऊन काय करणार होती, देव जाणे. विचारायची सोय नाही. विचारलं तर म्हणेल, "बंद होतं ना, मग काय."

पुन्हा टॉवेलात गुंडाळून ठेवली. पिशवी तशीच खुंटीला लावली, न धुता. नंतर मोरीत उभी राहून रडले. नळ सोडून, आवाज येऊ नये म्हणून.

रविवार, ११ फेब्रुवारी

धाकटा आला होता. आई त्याला कौतुकानं सांगत होती, "ताईनं बिचारीनं स्वतःची सुट्टी घालवली माझ्यासाठी. पण नशीबच नाही, वर बंद होतं." बिचारी! तो शब्द जिव्हारी लागला.

धाकटा म्हणाला, "मग मी नेतो की. पुढच्या रविवारी. तोवर होईल दुरुस्ती."

"नाही होणार. बरेच महिने चालेल."

"कुणी सांगितलं?"

"पहारेकऱ्यानं."

"फोन करून विचारू का तिथे?"

"फोन कोण उचलतंय तिथे!"

आई मध्येच म्हणाली, "नेतो म्हणतोय तर नेऊ दे ना त्याला. हवा तरी खाईन." धाकटा माझ्याकडे बघत राहिला. लहानपणापासून त्याला माझं खोटं ओळखू येतं. पण आईसमोर त्यानं ताणलं नाही. एका खोट्याला किती पिल्लं झाली ती — पहारेकरी, महिने, फोन.

त्याचा गुडघा दुखत नाही, त्याला लाज वाटत नाही, तो आईला पाठुंगळी मारूनसुद्धा वर नेईल. चांगलाच आहे तो. म्हणूनच राग आला त्याचा.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

एकटी जाऊन आले. घरी सांगितलं, दुकानात माल येणार आहे. (पिल्लू नंबर चार.)

का गेले? मनाची समजूत अशी घातली होती की वरून कुंडी दिसतेय का ते बघायचं आणि आईला सांगायचं, "दुरुस्ती झाली गं, बाबा खरं बोलत होते, आता तूही चल." मग ती धाकट्याबरोबर जाईल, वर उभी राहील, हसेल. माझं पाप धुऊन निघेल. असा बेत.

जिना चढायला काही वेळ लागत नाही. आईला लागला असता, तर लागला असता. रांगेतल्यांचं काय आभाळ कोसळलं असतं?

वर लांबच लांब दालन. समोर कमानी, कमानींना कंबरेएवढा दगडी कठडा, मध्ये नगाऱ्यांसाठी ओटा. पहिल्या कमानीतून वाकले. पटांगण दिसलं, तिकीटघर, झाड, झाडाखाली बाकं. कुंडी नाही. दुसऱ्या कमानीतून नाही. तिसऱ्या, चौथ्या, सगळ्या पाहिल्या. मग आठवलं, बाबा बसून वाजवायचे. म्हणून ओट्यावर बसले. मग गुडघ्यांवर. मग कठड्यावर पोट टेकून अर्धी बाहेर. पहारेकरी ओरडला, "बाई, पडाल! काही हरवलंय का?"

"कुंडी," मी म्हणाले.

"कुंडी खाली आहे."

"ती पूर्वी कुठे होती? हलवलीय का?"

"हलवणार कशी? कातळातच कोरलेली आहे." तो माझ्याकडे असा बघत होता की, आता ही बाई काय काय विचारेल!

दगडी सज्जा पुढे आलाय. कुंडी बरोब्बर त्याच्याखाली, भिंतीला चिकटून. वरून कुठूनही दिसत नाही. मान काढली तरी नाही. माझे डोळे चांगले आहेत, तोच धंदा आहे माझा. नाही म्हणजे नाही!

बाबा, काय हे? जन्मभर?

म्हणजे आई जिंकली. आणि जिंकली हे कळलं तर तिचं काय उरेल? एवढी वर्षं नाही-नाही म्हणत होती ती. पण दर वेळी नाही म्हणून झालं की वाढताना बाबांच्या ताटात जरा जास्त पडायचं. ते मला आज तिथे वर बसल्यावर आठवलं.

आता दोन गोष्टी लपवायच्या. उघडं होतं ही एक. आणि दिसत नाही ही दुसरी. पहिली सांगितली तर दुसरीही बाहेर येणार.

घरी आले तर आईनं माझ्या गुडघ्यांवरची धूळ झटकली. "कुठे टेकलीस गं?"

"दुकानात. खोकी उचलताना."

"असं होय."

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज सांगायचंच ठरवलं होतं. चहा घेऊन तिच्याजवळ बसले. "आई, त्या दिवशी ना—"

"साखर कमी पडलीय," ती म्हणाली. डबा आणून दिला. परत बसले. "आई, नगारखान्यात—"

"यांना नगारे आवडायचे नाहीत," ती म्हणाली. "म्हणायचे, नगाऱ्याला नुसती ऐट असते, ढोलाला पोट असतं." आणि एकटीच हसली, कप हिंदकळेपर्यंत. चहा प्यायले. गोडमिट्ट झाला होता.

शनिवार, १७ फेब्रुवारी

देवा, उद्या ते दार खरंच बंद असू दे.

रविवार, १८ फेब्रुवारी

धाकटा सकाळीच गाडी घेऊन आला. आईनं पिशवी घेतली. आत काठी आहे हे मला माहीत, तिला वाटतं मला माहीत नाही. "तूही चल," म्हणाली. मी म्हणाले, डोकं दुखतंय. डोकं खरंच दुखायला लागलं.

दुपारभर घर पुसत बसले. पुसलेलं परत पुसलं. मनात एकच चित्र — आई वर कठड्याशी उभी, वाकून बघतेय, आणि तिच्या लक्षात येतंय. आधी हे की बाबा खोटं बोलले, मग हे की मीही. नवरा तसला आणि मुलगीही तसलीच!

गाडीचा आवाज आला तेव्हा फडकं हातातच होतं. आई आत आली, चपला काढल्या, खुर्चीत टेकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"अजून बंदच आहे," आई म्हणाली. "दुरुस्ती."

"असं होय," मी म्हणाले.

धाकट्यानं पाणी मागितलं. मी दिलं. माझ्याकडे बघेना. ग्लास रिकामा झाला तरी तोंडाला लावून उभा होता.

सुटले! किती नीच आहे मी, सुटले म्हणून आनंद झाला मला. आई दोनदा गेली, दोनदा खालूनच परत आली, आणि मला हायसं वाटतंय.

सोमवार, १९ फेब्रुवारी

दुकानात निघाले होते, तेवढ्यात धाकट्याचा फोन. "सांगू नको म्हणालीय आई. पण माझ्या पोटात राहात नाही." गेलाय आईच्या मैत्रिणीवर!

"अगं, उघडं होतं. सताड! मी म्हटलं, चल, धर माझा हात. आई एक पायरी चढली आणि थांबली. पिशवीतून बाबांची काठी काढली आणि जिन्याच्या लाकडी दारावर एकदाच — धम्! पहारेकरी धावत आला. आई त्याला म्हणाली, ओरडू नका, झालं माझं. आणि उतरली. मी म्हटलं, आई, वर जायचंय ना? तर म्हणाली, 'कशाला? दिसलीस म्हणाले ना ते, मग दिसले असणार मी. ताई त्या दिवशी बंद आहे म्हणाली, तेव्हा बरंच वाटलं मला. उगाच मनाला लावून घेतलंय तिनं. तिला सांगायचं, अजून बंद आहे.'"

मी वर जाऊन आलेय, हे आता कुणाला सांगायचं नाही.

फोन ठेवला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय म्हणत होता गं?"

"काही नाही. बंद होतं म्हणाला."

"मग? मी काय सांगितलं तुला!"